साहेबांना पासवर्ड विचारणारं फोल्डर

"ह्याला सांगा, शेषेराव आलेत म्हणून," संस्थेचे अध्यक्ष शेषेराव कॉम्प्युटरकडं बोट दाखवून म्हणाले.

कॉम्प्युटर कुठला ऐकतोय! पडद्यावर तीच चौकट: नाव लिहा, पासवर्ड लिहा. देवणीजवळच्या या कॉलेजच्या इमारतीवर शेषेरावांचं नाव होतं, गेटवर फोटो होता, प्राचार्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात तर ते सहकुटुंब होते. आणि त्यांच्याच वेबसाइटनं त्यांना विचारावं, आपण कोण?

तनुजा शेजारी उभी होती. नऊ वर्षं ती कॉलेजची वेबसाइट आणि सर्व्हर सांभाळत होती, तेही कंत्राटावर. यंदा ती जागा पहिल्यांदाच कायम होणार होती. मुलाखत सोमवारी. जागा एक, अर्ज आठ. त्यातला एक तनुजाचा आणि एक अध्यक्षांच्या पुतण्याचा, सुदर्शनचा. सुदर्शनला कॉम्प्युटर चालू करता यायचा. बंद करायची वेळ आली की तो सरळ वायर उपसायचा.

वेबसाइटवर भरतीच्या पानाखाली 'निवड समिती' नावाचं फोल्डर होतं. समितीचे पाच जण आपले कागद त्यात ठेवत. कुणी नुसतं बघायचं, कुणी लिहायचं, कुणी पुसायचं, हे तनुजानं नीट ठरवून दिलं होतं. घोळ तिथंच झाला. उपाध्यक्षांना नुसतं बघायचा अधिकार मिळाला. ते म्हणाले, "म्हंजे पंगतीत बसवायचं आन् वाढायचं न्हाई व्हय?" मग त्यांना लिहायचाही दिला. तर प्राचार्य किशनराव रुसले. आठवडाभरात पाचही जणांना सगळे अधिकार मिळाले आणि हारतुरे मिळाल्यागत सगळे खूश झाले. पासवर्ड मात्र किशनराव सोडले तर एकालाही येत नव्हता. बाकीच्यांचे कागद तेच आत ठेवून द्यायचे.

तनुजा स्वतः उमेदवार, म्हणून तिनं त्या फोल्डरात एकदाही डोकावलं नव्हतं. डोकावणं तिच्या हातात होतं, मनातही दहादा आलं होतं. पण नऊ वर्षांच्या कामावर आपल्याला ती जागा मिळेल, असं त्या बाईला खरंच वाटत होतं. काय म्हणावं हिला!

"काढून टाका ते कुलूप," शेषेराव म्हणाले.

"साहेब, काढलं तर सगळ्यांनाच उघडंल."

"माझ्यापुरतं काढा."

"त्याला माणूस ओळखू येत न्हाई साहेब. तुम्हाला विचारायचं न्हाई, म्हणजे मग कुणालाच विचारायचं न्हाई."

"माझ्या संस्थेत माझ्या कागदाला हात लावायची छाती कुणाची हाय?"

किशनराव मान डोलवत होते. तनुजानं लेखी मागितलं. किशनरावांनी लगेच लेटरहेड काढलं: 'मा. अध्यक्ष महोदयांना होत असलेला त्रास लक्षात घेता सदर फोल्डर सर्वांसाठी खुले करण्यात यावे.' खाली सही, शिक्का, जावक क्रमांक. असल्या बाबतीत ते फार काटेकोर.

तनुजानं कुलूप काढलं. शेषेरावांनी क्लिक केलं, फोल्डर मुकाट उघडलं. "आता कसं," ते म्हणाले आणि त्यांनी चहा सांगितला.

रविवारी दुपारी बिलोलीहून सिंधुचा फोन आला. सिंधु त्याच जागेची उमेदवार. अर्ज देताना दोघींची ओळख झाली होती.

"ताई, वेबसाइट बघितली का? आपल्या मुलाखतीचे मार्क लागलेत."

"मुलाखत तर उद्या हाय."

"म्हणून तर फोन करून राहिले. सुदर्शनला चाळीसपैकी अडतीस. मला नऊ. तुम्हाला अकरा, आन् पुढं शेरा हाय, अनुभव कमी."

नऊ वर्षं! आधी तनुजाला रडू आलं, मग अंगाचा नुसता तिळपापड झाला. तिनं फोल्डर उघडलं. यादी गुरुवारीच तयार झाली होती, खाली पाचही सह्या होत्या. फोल्डर बंद करायला तिला अर्धं मिनिट पुरलं असतं. ते अर्धं मिनिट तिनं दिलं नाही. सुट्टीचा दिवस होता, आणि प्राचार्यांचा लेखी हुकूम होता.

सोमवारी आठही उमेदवार बाहेरच्या बाकावर बसले होते. आठही मोबाइलवर तीच यादी होती. सुदर्शन आपले मार्क बघून लाजत होता. आतल्या समितीला कशाचा पत्ता नव्हता. त्यांना वेबसाइट उघडून दाखवणारी बाईच आज बाकावर होती.

पहिलं नाव तनुजाचं पुकारलं. आत पाच खुर्च्या, पाच कोरी गुणपत्रकं, मधे बिस्किटांची बशी. शेषेरावांनी हातानंच बसा म्हणून सांगितलं. किशनरावांनी घसा साफ करून पहिला प्रश्न विचारला, "सर्व्हरवरची माहिती सुरक्षित कशी ठेवाल?"

तनुजानं मोबाइलवरची यादी त्यांच्यापुढं सरकवली.

"सर, मला अकरा मार्क पडलेत. ह्याचं उत्तर मला येतंय, पण ते दिलं तर तुमची बेरीज चुकंल. कुठं कुठं चुकायचं, तेवढं आधी सांगा."