थिजलेलं गुलाबतेल

“मावशी, गुलाबाच्या तेलात मेण घातलंय तुम्ही!” पुण्याच्या अत्तरवाल्याने कुपी उलटी धरली. थंडीच्या सकाळी आतलं तेल गोठलं होतं, थेंबही हलेना.

भट्टीपाशी बसलेली चंद्राक्का तोंड उघडणार, तोच तिच्या मुलाने, वसंताने, हात जोडले. “चुकलं साहेब. कामगारांनी मिसळलं असेल काहीतरी. बदलून देतो.”

आक्काच्या अंगाची लाही लाही झाली. तिने कुपी हिसकावून मुठीत घट्ट धरली. “अत्तरं विकता आणि एवढं कळत नाही? खोबरेल थिजतं तसं अस्सल गुलाबतेलही थंडीत थिजतं. बघा आता.”

मुठीच्या उबेने तेल पातळ झालं. तिने बूच काढलं, तशी पडवी घमघमली. अत्तरवाल्याने कान पकडले. “माफ करा मावशी. आणखी दहा कुप्या द्या.”

वसंता हसत कोठीकडे निघाला. “थांब!” आक्काने त्याला अडवलं. “त्यांना ठाऊक नव्हतं म्हणून बोलले. तू या भट्टीपाशी रांगत मोठा झालास, आणि गिऱ्हाईक जाईल म्हणून माझ्या तेलाला खोटं ठरवलंस? कोठीची किल्ली ठेव इथं.”

किल्ली पदराला बांधून आक्का स्वतःच कुप्या आणायला उठली.