किल्ल्या घेतल्या त्या दिवशीचा आकडा

घर विकून लेकीकडे राहायला गेलेल्या आजी शेवटच्या वीजबिलाची पावती द्यायला नव्या मालकाच्या दारात आल्या. किल्ल्या घेतल्या त्या दिवशी त्याने मीटरचा आकडा चिठ्ठीवर लिहून मीटरपेटीत चिकटवला होता. वीज कंपनीला मात्र आजींचा शेवटचा आकडा म्हणून आठ दिवस फरशी घासायचं यंत्र चालवल्यानंतरचा आकडा कळवला. माणसाचं मन बघा, चार पैशांपुढे किती सहज वाकतं. “भरलं हो बाळा बिल,” आजी ओशाळून म्हणाल्या, “जास्त आलं, माझाच पंखा चालू राहिला असणार. लेक म्हणते, आई, तुला आता काही आठवत नाही. गॅसलासुद्धा हात लावू देत नाही मला.” त्याला मान वर करवेना. त्याने जिन्याखालच्या मीटरपेटीतली चिठ्ठी काढून आजींच्या हातावर ठेवली. “पंखा तुम्ही बंदच केला होता. लेकीला फोन लावा, मी बोलतो तिच्याशी.”