ओळखीचा चेहरा

डॉक्टरबाईंनी सुई परत ट्रेमध्ये ठेवली आणि हातमोजे काढले.

"रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, हे आधी का नाही सांगितलंत?"

खुर्चीत मागे रेललेली बाई छताकडे बघत राहिली. तिच्या दोन्ही गालांवर पांढऱ्या पेन्सिलीच्या खुणा होत्या. गोळीचं बोलून गेली होती कोपऱ्यात बसलेली तिची मुलगी, तेही सहज, औषधाची वेळ टळायला नको म्हणून. आता ती नुसतीच पर्सची चेन मागेपुढे करत होती.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. ती गोळी हृदयाच्या डॉक्टरांना न विचारता बंद करायची नाही, आणि ती चालू असताना गालात सुया टोचल्या तर तोंड काळंनिळं होईल, एवढं त्यांनी समजावलं. मग तिच्या डाव्या गालावरच्या नखाएवढ्या डागावर बोट ठेवलं. गेल्या वर्षी ही बाई एका पार्लरमध्ये गेली होती. तिथल्या पोरीनं गाल भरून यायचं इंजेक्शन, फिलर, बिनधास्त टोचलं आणि ते नेमकं रक्तवाहिनीत गेलं. गाल आधी पांढराफटक पडला, मग जांभळी जाळी उमटली. पार्लरवाली म्हणाली, बर्फ लावा, उतरेल. मुलीनं आईला ओढतच इथे आणलं, म्हणून फिलर विरघळवायचं औषध वेळेत मिळालं. नाहीतर गाल सडला असता. तीच वाट डोळ्याकडेही जाते, डॉक्टरबाई म्हणाल्या. तिकडे गेलं असतं, तर गेलेली नजर परत येईल याची खात्री कुणीच दिली नसती.

बाईनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की एकदा भरलं की टिकतं किती. साधारण वर्षभर, असं उत्तर आलं. मग पुन्हा भरायचं ना, ती म्हणाली.

मुलीला राहवलं नाही. इतके दिवस गिळलेलं गाऱ्हाणं तिनं परक्या बाईपुढे ओतलं. आई साठीला टेकली. बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसते. पांढरा केस दिसला की लगेच काळा करते. मधोमध भांग पाडून कॉलेजातल्या पोरीसारखी लांब वेणी घालते. स्थानकावर सगळे तिला हिरॉईन म्हणतात, अगदी तोंडावर. आतल्या ऑफिसात बढती मिळत होती, तर नको म्हणाली. आत बसलं तर हिला बघणार कोण? रजा घेत नाही, नातवंडांचं आजारपण असलं तरी नाही. शेजारणी विचारतात, आई दुसरं लग्न करतेय का गं. आता निवृत्तीला थोडेच महिने राहिलेत, तर तिची घाई आणखीच वाढली आहे.

बाई यावर चिडली नाही. तिचा एक जुना फोटो टेबलावर पडला होता. असंच करून द्या, असं म्हणून तिनंच तो सकाळी दिला होता. ऐन पंचविशीतला, भरलेला, गोल चेहरा. डॉक्टरबाईंनी तो तिच्याकडे सरकवला. खळगे भरता येतात, वय मागे नेता येत नाही, त्या म्हणाल्या. आणि या गालाला मी तरी सुई लावणार नाही, आज नाही आणि पुढेही नाही. मग त्यांनी आवाज खाली आणला.

"कुणासाठी करताय हे?"

बाई उठून बसली.

"मुलासाठी."

मुलीचा हात पर्सवरच थांबला. आपल्याला एक भाऊ होता, हे तिला माहीत होतं. ती पाळण्यात होती तेव्हाची गोष्ट. तो चार वर्षांचा होता. प्रवासाला निघालेल्या आईनं स्थानकावर तिकीट काढायला क्षणभर त्याचा हात सोडला, आणि तो गर्दीत दिसेनासा झाला. पोलीस झाले, पेपरात फोटो झाले. वडील त्याच झुरणीत गेले. पुढे घरात कुणी तो विषय काढला नाही. आई सावरली, असंच मुलगी धरून चालली होती. ते स्थानक कुठलं, हे तिनं कधी विचारलंच नव्हतं.

बाई सांगू लागली, ते अगदी सपाट आवाजात. खिडकीमागून गाडीची वेळ सांगावी तसं. एवढ्याशा पोराला गाव आठवणार नाही, घर आठवणार नाही, स्वतःचं नावसुद्धा आठवणार नाही. पण आईचं तोंड कुठेतरी राहिलेलं असेल. जसं त्या दिवशी होतं तसं. आपली आई म्हातारी झालीय, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही.

डॉक्टरबाईंनी ट्रेवर कापड टाकलं आणि ओला कापूस पुढे केला. मुलीनं तो घेतला, आईच्या समोर स्टूल ओढलं आणि तिच्या गालांवरच्या खुणा पुसायला लागली. हलक्या हातानं, डागाला धक्का न लावता. पुसता पुसता ती आईची समजूत काढत राहिली. तो आता पस्तिशी उलटलेला बाप्या असेल. दाढी असेल, पोट सुटलेलं असेल, कदाचित टक्कलही पडलं असेल. त्यानं नाही ओळखलं तर नाही.

"तो कसाही दिसत असला तरी तू त्याला ओळखशीलच ना, आई?"

बाईनं तिचा हात धरला आणि गालापासून दूर केला.

"नाही गं. त्याच्या वयाचे किती येतात रोज खिडकीपाशी. गाडी कधी सुटते विचारतात. मी एकेकाकडे बघत राहते, मला काही म्हणजे काही कळत नाही. ओळखलं तर आता त्यानंच."