फाइल कोणाच्या हातात?

"दोघींपैकी एकीला मी काढणार," साहेब म्हणाले. "कोणाला, ते तुझं कुलूपच सांगेल." आणि ते केबिनमध्ये गेले.

ऑफिसातले संगणक सांभाळणाऱ्या त्याच्या पाचावर धारण बसली. दोघींपैकी एक त्याची बायको होती आणि दुसरी सख्खी धाकटी बहीण.

दोघी मिळून एका दवाखान्याच्या इमारतीचा नकाशा काढत होत्या. फाइल एकच, म्हणून पाळ्या ठरल्या होत्या. एकीचं काम संपलं की दुसरी बसायची. तरीही कधी बायकोचा जिना नाहीसा व्हायचा, कधी बहिणीच्या खिडक्या. पाळी नसताना दुसरीने गुपचूप जुना नकाशा उघडून नव्यावर चढवला, असं दोघीही छातीठोकपणे सांगायच्या. घरी जेवताना मीठसुद्धा त्याच्यामार्फत मागितलं जायचं.

दोष खरं तर सर्व्हरचा होता. ऑफिसातले तिन्ही सर्व्हर एकाच साठ्यातल्या फाइली उघडायचे, पण एकमेकांना पत्ता लागू द्यायचे नाहीत. शेवटी जो फाइल जपून ठेवील त्याचंच खरं. म्हणून त्याने हे कुलूप बनवून आजच लावलं होतं. एकाने फाइल उघडली की बाकीच्यांना ती मिळायची नाही, आणि ती कोणाच्या हातात आहे तेही कळायचं. ही नाव दाखवायची बुद्धी आपल्याला कुठून सुचली, असं आता त्याला झालं होतं.

पाळी बहिणीची होती. तिने फाइल उघडायला घेतली. पडद्यावर आलं, 'थांबा. फाइल दुसऱ्याच्या हातात आहे.'

"बघ दादा! मी म्हणत नव्हते?"

"वन्सं, माझी फाइल कधीच बंद झालीये," बायको म्हणाली. तिने स्वतःच्या पडद्यावर फाइल उघडून दाखवायचा प्रयत्न केला. तिलाही तेच, 'थांबा'.

आता सगळं ऑफिस त्याच्या खुर्चीमागे गोळा झालं. कुलूपच बिघडलेलं असू दे, असं त्याने मनातल्या मनात विनवलं. मग डोळे मिटून त्याने 'कोणाकडे?' हे बटण दाबलं.

कोणीतरी फिसकन हसलं. त्याने डोळे उघडले. पडद्यावर साहेबांचं नाव होतं.

साहेबांना बोलावणं गेलं. "नकाशा मी रोजच उघडतो की," ते म्हणाले. "आलो की उघडतो, जाताना बंद करतो. त्याला हात कुठे लावतो? जरा मोठा करून बघतो, एवढंच."

"आणि बंद करताना?" त्याने विचारलं.

"ते विचारतं ना, जपून ठेवू का म्हणून. मी हो म्हणतो. उगाच नाही कशाला म्हणायचं?"

म्हणजे रोज संध्याकाळी सकाळचा जुना नकाशा दिवसभराच्या कामावर चढत होता. नणंद-भावजयींनी कित्येक दिवसांनी एकमेकींकडे नीट पाहिलं. त्याला इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. मग दोघी त्याच्याकडे वळल्या.

"आणि हे कुलूप लावायला तुला आज सवड झाली?" बायकोने विचारलं.

"नाहीतर काय, वहिनी!" बहीण म्हणाली.