एकोणीस चिरूट

“आकडासुद्धा ठाऊक होता त्याला,” शेजारची सोराइदा फाटकाशी उभी राहूनच म्हणाली. “एकोणीस.”

रेमिहिओच्या हातातली पाण्याची बशी कलली आणि चप्पल भिजली.

“कुणाला?”

“नाव नाही विचारलं मी. करड्या शर्टातला, तरणाताठा. काखेत फाइल. आधी कारखान्यात जाऊन तुझा पत्ता काढलाय. मला म्हणतो, म्हातारा चिरूट अजून त्या बंद फ्रिजमध्येच ठेवतो का? चार वाजता येणार आहे.” तिने गल्लीच्या दोन्ही टोकांना पाहून घेतलं. “मी काही बोललेली नाही हं!”

ती गेली. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून गेले होते.

फ्रिज अकरा वर्षांपूर्वी बंद पडला तो पडलाच. पण दाराचं रबर शाबूत होतं. शौकीन लोक चिरुटांसाठी देवदाराची पेटी घेतात, ओलावा मोजायचं यंत्र घेतात. रेमिहिओच्या पेन्शनमध्ये महिन्याचं तेलसुद्धा बसत नव्हतं. त्याने टाकून दिलेल्या खोक्यांच्या देवदारी पट्ट्या आत लावल्या, आणि खाली बशीत कौलाचा तुकडा ठेवला, उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेला. यंत्र म्हणजे त्याचा कान. दर शनिवारी तो एकेक चिरूट कानाशी धरून अलगद दाबायचा. करकरला तर कौल भिजवायचं. गप्प राहिला तर सगळं ठीक.

“दुधाला थारा नाही या फ्रिजात, पण तुझ्या मेलेल्या दोस्तांना मात्र हवेशीर खोली,” त्याची बायको ओनेलिया म्हणायची.

दोस्तच होते ते. क्युबातल्या पिनार देल रिओच्या कारखान्यात त्याच्या ओळीला त्याच्याखेरीज एकोणीस जण चिरूट वळायचे. कारखाना प्रत्येकाला ओढायला रोज दोन-तीन द्यायचा. आपापल्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी ज्याने-त्याने त्यातला एक रेमिहिओच्या हातावर ठेवला. “तू जपशील.” कामाच्या वेळी उंच खुर्चीवरून कामगारांना पुस्तक वाचून दाखवणारा गोष्ट रंगवू लागला की सगळे आपल्या पानं कापायच्या सुऱ्या पाटावर वाजवून दाद द्यायचे, अख्खं दालन एका तालात न्हाऊन निघायचं. त्यात आनिबालच्या सुरीचा आवाज सगळ्यांच्या वर. त्याच्या चिरुटाच्या टोकाला पानाची पिळदार शेंडी असायची, दुसऱ्या कुणाला ती जमलीच नाही. सगळ्यांत शेवटी तोच निवृत्त झाला, आणि तीन वर्षांपूर्वी तोही गेला. आता त्या ओळीतला एकटा रेमिहिओ उरला होता.

पण चिरुटांवर कारखान्याच्या नावाची कागदी पट्टी नव्हती, आणि पावती तर नव्हतीच. गेल्या महिन्यात पलीकडच्या गल्लीत एकाकडे बिनपट्टीच्या दोन जुड्या सापडल्या. चोरून विकतो म्हणून पोलिसांनी त्याला नेलं. तो अजून परतला नव्हता.

“कोंबड्यांच्या खुराड्यात टाक,” ओनेलिया म्हणाली.

“वास लपतो का कुठे?”

“मग सोराइदाला दे.”

“तिच्या गळ्यात कशाला फास घालू?”

“म्हाताऱ्या, चौऱ्याहत्तर वर्षांचा आहेस तू! तुला नेलं तर मी काय त्या फ्रिजशी बोलत बसू?” तिने फ्रिजचं दार ओढून उघडलं.

रेमिहिओची नजर अंगणातल्या बादलीवर गेली. टोमॅटोच्या मावा-किडीवर शिंपडायला त्याने तंबाखूचे देठ भिजत घातले होते. तसलं तपकिरी पाणी त्या गल्लीत घरोघरी असायचं. त्यात कोण हात घालून बघणार?

ओनेलियाने त्याचा चेहरा पाहिला आणि तोंडावर हातरुमाल दाबला.

पहिला चिरूट फाडताना बोटं ऐकेनात. मग तो एकेकाचं नाव घेऊ लागला, बाकांच्या क्रमाने, जपमाळ ओढावी तसं. एक नाव, एक चिरूट. पानं पाण्यात पडत होती, फुगत होती, देठांत मिसळून जात होती. हात कोपरापर्यंत तपकिरी झाले.

शेवटी शेंडीवाला उरला. तो त्याने सवयीने कानाशी नेऊन दाबला. गप्प. ओलावा अगदी हवा तेवढा.

“आनिबाल,” तो म्हणाला.

तेवढ्यात फाटक वाजलं. रेमिहिओने डोळे मिटले, चिरूट दोन्ही मुठींत चुरला आणि बादलीत बुडवला.

करड्या शर्टातला माणूस दारात उभा होता. “रेमिहिओ काकाच ना तुम्ही? जरा लवकरच आलो.” त्याने हात पुढे केला.

रेमिहिओने आपले ओले हात पाठीमागे धरले. “काय असेल ते बघून घ्या, साहेब. इथे काही नाही.”

माणूस उघड्या फ्रिजपाशी गेला. वाकून त्याने बशीतल्या कौलाला बोट लावलं. “हेच ते कौल,” तो हळूच म्हणाला. “वास अजून आहे.”

“फ्रिज रिकामा आहे,” ओनेलिया मध्येच म्हणाली. “कधीचाच!”

तो हसला. “घाबरू नका हो, काकी. मी कुणी साहेब नाही.” त्याने फाइल उघडली. आत एकच पत्र होतं, घड्यांवर झिजलेलं. “आई गेली गेल्या महिन्यात. तिच्या सामानात हे सापडलं. बाबांनी लिहिलंय, आमच्या ओळीचे एकोणीस चिरूट रेमिहिओने बंद फ्रिजात, ओल्या कौलावर जपलेत. शेंडीवाला माझा.”

रेमिहिओच्या बोटांतून तपकिरी पाणी फरशीवर ठिबकत होतं.

“मी दोन वर्षांचा असताना आई मला घेऊन हवानाला गेली, काका. आनिबाल माझा बाप, पण त्याच्या हातचं काही मी कधी पाहिलेलंच नाही. तो मी नेणार नाही, तुमच्याकडेच राहू दे. नुसता एकदा हातात धरू द्याल?”