फक्त बोनेट

डाग फिल्मच्या खाली होता. प्रफुल्लने आधी वरून बोट फिरवलं, मग ओला कपडा, मग नख. उपयोग शून्य. पांढऱ्या बोनेटच्या काचेकडच्या बाजूला बोटाच्या पेराएवढा फिकट तांबूस डाग तसाच होता, आणि रंग जपायला वर चढवलेल्या चकचकीत पारदर्शक फिल्ममुळे उलट जास्तच उठून दिसत होता. संध्याकाळी गाडीचा मालक यायचा होता.

गाडी होती वैशाली नगरच्या देवेंद्र दाणींची. दोन दारांची, जमिनीला टेकलेली स्पोर्ट्स कार. भिलाईच्या रिसाली भागातल्या प्रफुल्लच्या छोट्या दुकानात अशी गाडी पहिल्यांदाच आली होती. हे काम चांगलं झालं तर पुढची वाट मोकळी, बिघडलं तर शटर ओढायचं, असा सरळ हिशेब होता.

माणूस मात्र त्याला पहिल्या दिवसापासून चक्रमच वाटला होता. देवेंद्रचं रोजचं जाणं-येणं नंदिनीच्या खाणींच्या रस्त्याने. तिथे चुनखडीचे डंपर धावतात, मागच्या गाडीवर गोटे उडतात आणि रंगाचे टवके निघतात. म्हणून तर लोक फिल्म लावून घेतात. गोटा आधी बंपरला लागतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण देवेंद्र म्हणाला, "बंपरचं राहू द्या. फक्त बोनेट करा."

"भाऊ, सगळ्यात जास्त मार बंपरच खाते."

"खाऊ द्या. बंपर नवा भेटते."

बोनेटही नवं भेटतं, हे प्रफुल्लच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण गिऱ्हाइकाशी वाद घालून आजवर कोणाचं भलं झालंय? त्याने मान डोलावली. देवेंद्र मग बोनेटवरचा मोहरीएवढा टवका दाखवत राहिला. "परवाच लागला हा गोटा. थोडक्यात वाचलं," असं दोनदा म्हणाला. निघताना दारातून परत फिरला. "बोनेट मी घरूनच पुसून आणलं. तुम्ही घासू नका." तळहाताच्या फोडासारखी गाडी जपणारे पुष्कळ असतात. प्रफुल्लने नुसतं पाणी मारलं आणि फिल्म चढवली. डाग त्या टवक्याला लागूनच होता, आणि तो त्याला आत्ता, आडवा दिवा धरल्यावर दिसत होता.

"फोन करून विचारा ना," मिताली म्हणाली. फिल्म मापात कापायचं काम त्याच्या बायकोचं. हात तिचा सफाईदार होता आणि डोकं त्याच्यापेक्षा थंड.

"काय विचारू? डागावरच फिल्म चिटकवली म्हणून सांगू?"

"घासू नका म्हणून त्यायनंच तर सांगितलं होतं."

"सांगतात सारे. ग्रुपवर फोटो टाकताना कोणाले आठवते?"

त्याचं भिणं खोटं नव्हतं. मागे एका गिऱ्हाइकाने फिल्मखाली राहिलेल्या हवेच्या बुडबुड्याचा फोटो भिलाईच्या गाडीवाल्यांच्या ग्रुपवर टाकला होता. नंतर कित्येक दिवस दुकानात कुत्रंही फिरकलं नाही. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. प्रफुल्ल तर आता पाणीही फुंकून प्यायचा.

मितालीने वाकून पाहिलं. "कुंकवाचं दिसते."

"गाडीच्या पूजेचं असन. पुसायचं राहून गेलं."

"मंग एकदा विचारा तरी."

"झाकली मूठ सव्वा लाखाची. तू दुसरा तुकडा काप."

तिने फोन त्याच्यासमोर आणून ठेवला. त्याने तो पालथा घातला आणि फिल्मचं टोक उचललं.

एवढी महाग फिल्म सोलून कोपऱ्यात टाकताना त्याला रडू यायचं बाकी होतं. पॉलिशचा लेप लावून तो डाग घासू लागला. डाग चिवट होता, रंगात मुरला होता. रस्त्यावर कुठलाही हॉर्न वाजला की तो दाराकडे पाहायचा. मनगट भरून आलं, कपाळाचा घाम बोनेटवर टपकला, तोही त्याने पुसला. शेवटी कपड्यावर गुलाबी झाक उतरली आणि बोनेट पांढरं झालं. मग त्याने टवक्यात रंग भरला, वाळू दिला आणि नवी फिल्म चढवली. आडवा दिवा, उभा दिवा, सगळीकडून पाहिलं. कुठेही काही नव्हतं. सकाळपासून पहिल्यांदा त्याला चहा आठवला.

देवेंद्र आला तो रिक्षाने, घाईघाईने. ना दारांकडे पाहिलं, ना चाकांकडे. तडक बोनेटशी गेला.

"या भाऊ," प्रफुल्ल म्हणाला. त्याला आता जोर आला होता. "एक डाग सापडला तर दुकानाचं नाव बदलून टाकीन."

देवेंद्र हसून वाकला. वाकलेलाच राहिला. चष्मा काढून शर्टाला पुसला, पुन्हा लावला, बोनेटच्या दुसऱ्या बाजूने जाऊन पाहिलं. मग काचेजवळच्या त्या जागेवर त्याने बोट टेकवलं. आंधळ्याने भिंत चाचपावी तसं ते बोट जरा इकडे, जरा तिकडे सरकत राहिलं.

"टवक्याच्या बाजूले होतं," तो म्हणाला. "इथंच होतं."

मितालीने हातातलं ब्लेड खाली ठेवलं.

"गाडी घरी आणली त्या दिवशी मायनं कुंकवाची पाच बोटं लावली होती," देवेंद्र हळूच म्हणाला. त्याचं बोट अजून तिथेच होतं. "मंग महिन्याभरात माय गेली. चार बोटं पावसापाण्यानं, गोट्यायनं गेली. एक उरलं होतं. तेवढंच झाकाले आलो होतो जी मी तुमच्याकडे."