चोवीस चित्रं

या वॉर्डातल्या वाचा गेलेल्या पेशंटांसाठी चित्रांचा तक्ता सहा वर्षांपूर्वी मीच काढून दिला होता. पाणी, भूक, थंडी, संडास, दुखतंय, आभारी आहे. चोवीस शब्दांची चोवीस चित्रं. पेशंटनं हव्या त्या चित्रावर बोट ठेवायचं. आता तोच तक्ता माझ्या बाबांच्या खाटेला लटकत होता आणि बाबांचं बोट एकाही चित्रावर टेकेना. ते सारखे तक्त्याच्या खालच्या कोऱ्या पट्टीवर ठोकत होते.

"यांना चित्रं कळत नाहीत हो," सिस्टर म्हणाल्या.

"कळत नाहीत?" माझं डोकंच फिरलं. "चाळीस वर्षं शब्दकोशाचं काम केलंय त्यांनी! एकेका शब्दाच्या मुळाशी जायला महिनाभर बसायचे!"

"असतील. पण हट्टी फार." त्यांनी सूपचा चमचा बाबांच्या तोंडाशी नेला. बाबांनी ओठ घट्ट मिटले. सिस्टरनी गाल दाबून चमचा आत सारला. "बाकीचे बघा किती गुणी. तुमचा तक्ता आल्यापासून एकही पेशंट कशालाही 'नाही' म्हणत नाही."

बाबांनी डाव्या हातानं माझ्या खिशातली पेन्सिल ओढली. कोऱ्या पट्टीवर पंचविसावा चौकोन काढला. आत एक चमचा आणि त्याला दूर लोटणारा हात. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कोशातून एखादा शब्द गाळणाऱ्या सहकाऱ्याकडे पाहायचे, अगदी तसंच.

सहा वर्षं त्या वॉर्डातल्या एकाही माणसाला मी 'नको' म्हणू दिलं नव्हतं.